इजा : नाही

दारामागून बाबांनी ‘कोण?’ विचारलं, मी सवयीने ‘मी’ म्हणालो, आणि आत खटका वाजला. कडीचा आवाज मला ओळखता येतो, साखळीचाही येतो. अकरा वर्षं मी याच दारातून आत-बाहेर करतोय. हा त्यांतला नव्हता. बारीक, कोरडा, तेल दिलेल्या लोखंडाचा आवाज होता आणि तो माझ्या छातीच्या उंचीवरून आला. दुपारचे अडीच वाजले होते. ऑफिसातली वीज गेली म्हणून आम्हाला लवकर सोडलं होतं, आणि इतक्या वर्षांत कामाच्या दिवशी अडीचला या दाराशी उभं राहायची माझी पहिलीच वेळ. वरच्या मजल्यावर कुणाचा तरी रेडिओ चालू होता, जिन्याच्या कठड्यावर चादरी वाळत होत्या, आणि मी बॅग पोटाशी धरून उभा होतो. ‘मी म्हणजे कोण?’ बाबा आतून म्हणाले. आवाज त्यांचाच, पण माझ्याशी बोलतानाचा नव्हे. परक्या माणसाशी बोलतानाचा. मी नाव सांगितलं. काही झालं नाही. मग आडनावासकट सांगितलं, ऑफिसात फोनवर सांगतो तसं. तरी काही नाही. शेवटी, का कोण जाणे, लहानपणी आई ज्या नावाने हाक मारायची ते सांगितलं. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाने जिन्यात उभं राहून मोठ्याने म्हणावं असं ते नाव नाही. तेव्हा तोच खटका पुन्हा झाला, उलट्या बाजूने, आणि दार उघडलं. ‘अरे, तू होय! मग तोंडाने बोलायचं नाही का?’ बाबा म्हणाले. त्यांचा उजवा हात पाठीमागे होता. मी बूट काढायला खाली वाकलो.

दाराचा नियम माझाच होता, त्यामुळे तक्रार करायची सोय नव्हती. आठ वर्षांपूर्वी जिन्यात तो प्रकार झाल्यावर मीच एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहून तो दाराच्या आतल्या बाजूला लावला होता: साखळी कायम लावलेली असावी, दोनदा विचारावं, आणि नुसतं ‘मी’ म्हणणाऱ्याला दार उघडू नये. आमच्या घरात सगळेच ‘मी’ म्हणतात. बायको म्हणते, मुलगी म्हणते, आई तर ‘अगं मी गं’ म्हणायची, दारामागे पुरुष असला तरी. कुणी नाव सांगायचंच नाही, जणू जगात ‘मी’ म्हणणारं दुसरं कुणी नाहीच. पुठ्ठा लावल्यावर सुरुवातीला सगळ्यांनी माझी यथेच्छ टिंगल केली. बायको भाजी घेऊन आली की जिन्यातून नाव, वय, जन्मखूण असं सगळं सांगायची. बाबांनी मात्र नियम मनावर घेतला. इतका, की दाराला बाहेर बघायला जे भोक होतं त्यावरही त्यांनी आतून काळी पट्टी चिकटवली. मी म्हटलं, अहो, ते आपल्याला बाहेरचं दिसावं म्हणून असतं. तर म्हणाले, ‘आपण बाहेर बघतो तसा बाहेरचा आत बघणार नाही कशावरून?’ आईने शिवणाच्या मशीनवरून मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. ती तेव्हा घराबाहेर पडायची थांबली होती, पण हे आमच्या लक्षात यायचं होतं.

माझं काम सांगायला हवं. शहरातल्या सगळ्या पोलीस ठाण्यांत ज्या तक्रारी लिहिल्या जातात त्यांची एकेक प्रत आमच्या खात्यात येते. लांबट खोलीत आम्ही सहा जण बसतो, प्रत वाचतो, आणि घडलेला प्रकार कोणत्या रकान्यात जातो ते ठरवतो. एक घटना, एक रकाना. हत्यार होतं का, कोणतं. ओळखीचा की अनोळखी. घरात की बाहेर. आणि शेवटचा रकाना, इजा. इजा म्हणजे टाका पडला पाहिजे, किंवा हाड मोडलं पाहिजे, किंवा माणूस रात्रभर दवाखान्यात राहिला पाहिजे. यातलं काही नसेल तर लिहायचं ‘नाही’. चोवीस वर्षांत मी इतक्या वेळा ‘नाही’ लिहिलंय की आता पेन टेकवलं की ते आपोआप उमटतं. दर तीन महिन्यांनी आमचा तक्ता बाहेर जातो. आमच्या घरच्या प्रकाराचं वर्ष हे त्या तक्त्यातलं सगळ्यात उंच वर्ष. त्यानंतर आकडा उतरत गेला आणि आता निम्म्याच्याही खाली आहे. ज्यांना लोकांकडे पिस्तुलं असावीत असं वाटतं ते आमचाच तक्ता नाचवून म्हणतात, बघा, परवाने वाढले आणि गुन्हे घटले. ज्यांना तसं वाटत नाही ते तोच तक्ता पुढे करून म्हणतात, परवाने कमी दिले असते तर आणखी घटले असते. आमचे साहेब म्हणतात, हे सगळं रस्त्यावरच्या दिव्यांमुळे झालं. मला एवढंच माहीत आहे की मध्ये एक परिपत्रक आलं आणि नुसती धक्काबुक्की दुसऱ्या तक्त्यात गेली, त्यामुळे एका वर्षी आकडा धपकन खाली आला. पण तेवढं वजा केलं तरी घसरण उरते. घसरण खरी आहे. कशामुळे, ते कुठल्याच रकान्यात लिहिलेलं नसतं, आणि मला कुणी विचारतही नाही.

जिन्यातला प्रकार आम्हाला घरी कळला तो बाबांच्या तोंडून. दुपारी आई-बाबा डोळ्यांच्या डॉक्टरांकडून परत येत होते. पहिल्या वळणावर दोघं-तिघं आडवे आले, बाबांनी एकाचा हात पिरगाळला, झटापट झाली, पण म्हाताऱ्या माणसाचं किती चालणार. आईची पर्स गेली, बाबांचं घड्याळ गेलं. आई शेजारी मनगटाला ओला रुमाल गुंडाळून बसली होती. ‘यांनी चांगला पिरगाळला हो त्याचा हात,’ ती म्हणाली, आणि मला वाटलं, आपले वडील म्हणजे काय माणूस आहे. ऑफिसात मी तो किस्सा दोन-तीनदा रंगवून सांगितला. दोन महिन्यांनी ती प्रत माझ्या टेबलावर आली. आम्हाला सक्त नियम आहे, नात्यातल्या माणसाची प्रत आली की न वाचता शेजारच्या टेबलावर सरकवायची. मी सरकवली नाही. शेजारचा माणूस ती वाचेल या कल्पनेनेच मला कसंसं झालं. म्हणून मीच वाचली. दोन जबाब होते. बाबांचा आम्ही ऐकलेलाच. दुसरा आईचा. एकटा माणूस होता, तिने सांगितलं होतं. विशीचा असेल, हातात भाजी चिरायची असते तेवढीच सुरी, आणि ती थरथरत होती. माझ्या यजमानांनी दोन्ही हात वर केले. ते म्हणाले, घ्या, काय हवं ते घ्या, फक्त हिला हात लावू नका. घड्याळ त्यांनी स्वतः काढून दिलं. तो पळताना त्याचा मला धक्का लागला आणि मी पायरीवर पडले. खाली आईची सही होती, शाळकरी वळणाची. पोलिसांनी तिचाच जबाब खरा धरला होता. मी बराच वेळ त्या ओळी वाचत बसलो. बाबा भित्रे ठरले असं मला वाटलं नाही. उलट त्यांनी केलं तेच शहाणपणाचं होतं, मी शंभर माणसांना तेच सांगितलं असतं. पण घरी येऊन त्यांनी तो हात पिरगाळायला हवा होता, आणि आईने ‘हो’ म्हणायला हवं होतं, आणि मला हे कळायला नको होतं. मग मी रकाने भरले. हत्यार : सुरी. अनोळखी. शेवटी आईचं मनगट. ते वांग्यासारखं सुजलं होतं, पण हाड शाबूत होतं, टाका नव्हता, आणि रात्री ती घरीच झोपली होती. मी लिहिलं, नाही.

त्यानंतर आई जिना उतरली नाही. आधी पाय दुखतात म्हणाली, मग ऊन फार आहे, मग गार फार आहे. तिला जे हवं ते आम्ही वर आणून द्यायचो, आणि ती मशीनवर बसून आमच्या शर्टांच्या कॉलरी उलटवायची, पडदे शिवायची, शिवलेले उसवून पुन्हा शिवायची. तिसऱ्या वर्षी सकाळी चहा ठेवायला उठली आणि ओट्याशीच बसली. डॉक्टर म्हणाले, हृदय. तेही बरोबरच असणार. पण तक्त्यात आईला काहीही झालेलं नाही, आणि ते माझ्या हस्ताक्षरात आहे.

पिस्तूल आणलं ते मात्र आई असतानाच, प्रकारानंतर चार-पाच महिन्यांनी. बाबांना ते हवं होतं आणि मला त्यांना ते द्यायचं होतं. आईचा जबाब वाचल्यावर त्यांना कशालाच नाही म्हणायची माझी हिंमत राहिली नव्हती. शिवाय तेव्हा आकडे चढत होते, आणि ते चढताना सगळ्यात आधी मला दिसायचे. जेवताना मी ते घरात सांगायचो. या महिन्यात इतके, आपल्याच भागात इतके. बायको म्हणायची, घास तरी गिळू दे. बाबा मात्र मन लावून ऐकायचे. परवान्याच्या अर्जावर घरातल्या दुसऱ्या सज्ञान माणसाची संमती लागते, ती सही माझी आहे. ते आलं आणि शिवणाच्या मशीनच्या डाव्या खणात जाऊन बसलं, कारण घरातल्या एवढ्या एकाच खणाला कुलूप होतं. खणाची किल्ली बाबांनी दोरीत ओवून गळ्यात घातली. दर रविवारी ते आईच्या मशीनच्या तेलाने पुसायचे. आई गेल्यावर मशीन बंद पडलं, पण तेलाची ती बारीक चोचीची डबी कधी रिकामी झाली नाही. रविवारी घरभर तो वास पसरला की क्षणभर मला वाटायचं, आई शिवायला बसलीय. मग आकडे उतरायला लागले आणि मी जेवताना तेही सांगायला लागलो. एकदा धीर करून म्हटलं, ‘बाबा, आता पूर्वीसारखं राहिलं नाही. निम्म्याहून कमी झालंय सगळं. देऊन टाकू या का ते?’

‘कमी झालंय ना?’ बाबा म्हणाले.

‘हो. मीच तर तक्ता करतो.’

‘मग ते कशामुळे झालंय, ते नाही येत तुमच्या तक्त्यात?’ त्यांनी छातीवरच्या किल्लीवर दोन बोटं आपटली. ‘यामुळे.’

‘अहो, आपल्या एका खणामुळे शहरातला...’

‘एक आमचा, एक खालच्या मास्तरांचा, एक कोपऱ्यावरच्या दुकानदाराचा. थेंबाथेंबाने होतं ते. तू आकडे मोज. कारण मला विचार.’

यावर सून हसली, नात हसली, आणि बाबा इतके खूश झाले की मी विषय सोडला. आज वाटतं, तेव्हा सोडायला नको होता. तेव्हा त्यांना कारण तरी माहीत होतं, अगदी चुकीचं का असेना. गेल्या वर्षभरात एकेक गोष्ट निसटत गेली. आधी किराणा दुकानदाराचं नाव, मग आठवड्याचे वार, मग आई कुठे आहे ते. आम्ही आताशा ‘बाहेर गेलीय’ म्हणायला शिकलो होतो, आणि बाबा म्हणायचे, ‘बरं झालं, जरा बाहेर पडली.’ चावलेल्या पेरूच्या बियांसारखं आम्ही हे सगळं जिभेने बाजूला सारत होतो. दाराचा नियम मात्र त्यांच्या लक्षात राहिला. नातीचं नाव विसरायचे, पण दोनदा विचारायचं विसरत नसत. मुलगी रोज पावणेचारला शाळेतून येते, तेव्हा घरात फक्त आजोबा असतात. ऑफिसातून लवकर आलो त्या दिवशी मी हे तिला सहज विचारल्यासारखं विचारलं. ‘मी आले की आजोबा काय करतात गं?’ तर म्हणाली, ‘विचारतात कोण. मी नाव सांगते. मग विचारतात कुठली. मग मी आजीचं नाव सांगते, मग उघडतात.’ दुधाचा पेला तोंडाला लावून ती पुढे म्हणाली, ‘आणि आत काहीतरी टिक् करतं.’

बायको दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस आहे. दिवसभर लोकांची तोंडं उघडी धरते आणि घरी फार बोलत नाही. तिने पेला मोरीत नेऊन ठेवला, हात पुसले आणि मला गॅलरीत बोलावलं. ‘आठ दिवस,’ ती म्हणाली. ‘आठ दिवसांत ते घराबाहेर गेलं नाही, तर मी हिला घेऊन आईकडे जाणार. परत कधी येईन ते विचारू नकोस.’ मी म्हटलं, अगं, मी काय त्यांच्या बाजूने आहे का? ती म्हणाली, ‘तू कुणाच्याच बाजूने नसतोस, तीच तर अडचण आहे.’ यात खोटं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी परवाना खात्यात फोन केला. हत्यार जमा करायला परवानेवाल्याची सही लागते. ती मिळत नसेल, तर डॉक्टरांनी लेखी द्यायचं की या माणसाची बुद्धी ठिकाणावर नाही. ते मी कसं आणणार होतो? बाबांना एका खुर्चीत बसवायचं, अनोळखी माणसाने त्यांना आजचा वार विचारायचा, आणि मी शेजारी बसून त्यांना उत्तर येत नाही ते बघायचं. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलायची वाक्यं जुळवली. दोन दिवस ती गिळली. बाबांच्या गळ्यात हात घालून किल्ली काढून घ्यायचं मनात आलं की मला जिन्यात वर गेलेले त्यांचे दोन हात दिसायचे, न बघितलेले. सातव्या दिवशी मी रजा टाकली. बाबा सकाळी आंघोळीच्या वेळी दोरी खुंटीला अडकवतात, आणि आता कधी कधी ती तिथेच विसरतात. त्या दिवशी विसरले. अकराला खालचे ड्रॉइंग मास्तर त्यांना बागेत फिरायला घेऊन गेले. बारापर्यंत ते येत नाहीत.

किल्ली ओली होती. खण उघडला तेव्हा वर आईच्या बॉबिन, तुटलेल्या सुया, मापाची फीत, आणि खाली पिवळ्या फडक्यात ते. बेत साधा होता: ते बॅगेत टाकायचं, ऑफिसातल्या माझ्या कपाटात कुलूप लावून ठेवायचं, मग पुढचं पुढे. चोवीस वर्षांत हजारो वेळा मी रकान्यात ‘पिस्तूल’ लिहिलं असेल, पण हातात कधी घेतलं नव्हतं. वाटलं होतं त्यापेक्षा जड निघालं आणि वाटलं होतं त्यापेक्षा लहान. आत गोळ्या आहेत की नाहीत ते कसं बघायचं हेही मला माहीत नव्हतं. तेलाचा वास आला, आणि मी ते फडक्यात परत गुंडाळायच्या ऐवजी हातातच धरून आईच्या स्टुलावर बसलो. नीट आठवायचं तर मला बरं वाटलं. हे सांगायला लाज वाटते, पण वाटलं खरं. चोवीस वर्षं ज्या माणसांबद्दल मी वाचत आलो, जी कुणाच्या तरी जिन्यात उभी होती, कुणाच्या तरी खिडकीचे गज वाकवत होती, त्यातलं कुणीही आता आलं तरी चालेल असं वाटलं. आणि तेव्हाच जिन्यात पावलं वाजली, आमच्या दाराशी थांबली, आणि बेल वाजली नाही.

कुलपात किल्ली घातल्याचा आवाज झाला. ती फिरली नाही. काढली, पुन्हा घातली. लोखंडावर लोखंड घासलं. सव्वाअकरा झाले होते. बायकोकडे किल्ली आहे, मुलीकडे नाही, बाबांकडे आम्ही देत नाही. शिवाय बाबा नेहमी बेल दोनदा वाजवतात आणि मास्तरांचा घसा खाकरणं खालच्या मजल्यापासून ऐकू येतं. ‘दुपारच्या सुमारास कुलपाशी खुडबुड,’ हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की मला पुढचं पाठ आहे. मी उठलो. दाराशी गेलो. भोकावर काळी पट्टी होती. ‘कोण?’ मी विचारलं. खुडबुड थांबली. ‘कोण आहे?’ मी दुसऱ्यांदा विचारलं, आणि बाहेर कुणीतरी श्वास घेतला, बोलायला घेतात तसा, आणि बोललं नाही. पुठ्ठ्यावरचं माझं अक्षर माझ्या नाकासमोर होतं. अंगठा कधी सरकला ते कळलं नाही. तो कोरडा, बारीक खटका तेवढा ऐकू आला, माझ्याच छातीच्या उंचीवर. मी डाव्या हाताने साखळी काढली आणि दार एकदम आत ओढलं.

बाबा होते. एकटेच. हातात गंजकी, लांब दांड्याची किल्ली होती, आम्ही अकरा वर्षांपूर्वी सोडलेल्या घराची. ती त्यांनी कुठे ठेवली होती देव जाणे. त्यांनी आधी पिस्तुलाकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे, आणि पुन्हा पिस्तुलाकडे. किल्ली खाली पडली. त्यांनी दोन्ही हात वर केले. अगदी वर, शाळेत करतात तसे, बाह्या कोपरापर्यंत घसरल्या आणि दंडांची सैल कातडी दिसली. ‘घ्या,’ ते म्हणाले. ‘काय हवं ते घ्या. फक्त हिला हात लावू नका.’ आणि डावीकडे सरकले, शेजारी उभ्या असलेल्या, नसलेल्या आईच्या पुढे. मग एक हात हळूच खाली आणून, दुसरा तसाच ठेवून, दातांनी पट्टा ओढून त्यांनी घड्याळ काढलं आणि माझ्यापुढे धरलं. त्या प्रकारानंतर मीच आणून दिलेलं घड्याळ. ते त्यांच्या बोटांतून निसटणार होतं, म्हणून मी ते घेतलं. ‘बाबा’ एवढाच शब्द म्हणायचा होता. तो तोंडात आलाही होता. पण म्हटला असता तर त्यांनी मला ओळखलं असतं, आणि मग त्यांचे हात कुणापुढे वर गेलेत ते त्यांना कळलं असतं. आठ वर्षं मी जे त्यांच्यापासून लपवलं, त्यांनी आणि आईने मिळून जे माझ्यापासून लपवलं, ते सगळं त्या एका शब्दाने उंबऱ्यावर सांडलं असतं. बाबा माझं तोंड निरखत होते, पुढचा हुकूम काय म्हणून. ‘जाऊ का मी?’ त्यांनी विचारलं. इतक्या अजिजीने त्यांना बोलताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी मान हलवली. ते पाठ न फिरवता, हात वर ठेवूनच, एकेक पायरी उतरत गेले, आणि वळणापाशी कुणाला तरी हळू आवाजात म्हणाले, ‘चल, चल, घाबरू नकोस.’ मी दार लावलं. साखळीही लावली.

त्यांच्यामागे धावायला हवं होतं हे मला कळत होतं. मी मात्र अंगठा उलटा सरकवला, ते फडक्यात गुंडाळलं, खणात ठेवलं, कुलूप लावलं आणि दोरी मोरीतल्या खुंटीला अडकवली. जिथली वस्तू तिथे. खोटं जुळवताना माणूस किती नीटनेटका होतो. घड्याळ कुठे ठेवावं सुचेना म्हणून ते पँटच्या खिशात राहिलं. पाऊण तासाने बेल दोनदा वाजली. मास्तर घसा खाकरत होते. ते बागेच्या फाटकाशी कुणाशी बोलत थांबले होते, तेवढ्यात बाबा एकटेच पुढे निघून गेले आणि बरीच शोधाशोध केल्यावर जिन्याच्या तोंडाशी कठड्याला धरून उभे असलेले सापडले. पोलिसांना मास्तरांनीच बोलावलं. बाबांना मी खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. त्यांनी मला लगेच ओळखलं. ‘अरे, तू घरी? बरं झालं. लुटलं रे मला.’ मग त्यांना काहीतरी आठवलं, ते ताडकन उठले, खुंटीवरची दोरी घेतली, खण उघडला, आणि फडकं उलगडून बघितल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. ‘हे आहे,’ ते म्हणाले. ‘हे नाही नेऊ दिलं.’

पोलीस तरुण होता, सौजन्याने बोलणारा. फॉर्म मांडीवर घेऊन तो आईच्या स्टुलावर बसला. फॉर्म मला पाठ आहे, पुढचा प्रश्न त्याच्या आधी माझ्या मनात यायचा. बाबांनी सगळं सांगितलं. दोघं होते. एकाकडे पिस्तूल. जिन्यात, पहिल्या वळणावर. ‘चेहरा बघितला?’ बाबांनी वळून माझ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाले, ‘नाही. अंधार होता.’ ‘तुम्ही काय केलं?’ ‘मी?’ बाबा म्हणाले. ‘मी एकाचा हात पिरगाळला.’ पोलिसाने माझ्याकडे बघितलं, मी घरात होतो म्हणून. आई बोलली असती तेच माझ्या तोंडून निघालं. ‘हो,’ मी म्हणालो. ‘ते तसे आहेत.’ बाबा खुर्चीत जरा उंच झाले. पोलीस म्हणाला, ‘आजोबा, हत्यार घरात आहे तर अंगावर ठेवत जा. खणात ठेवून काय उपयोग?’ हे बाबांना इतकं पटलं की त्यांनी ते तिथल्या तिथे कोटाच्या खिशात टाकलं आणि वरून थापटलं. ‘ऐकलंस?’ ते मला म्हणाले. ‘आणि म्हणे गुन्हे कमी झाले. उद्यापासून नातीला शाळेतून आणायला मी जाणार. हे घेऊन.’ बायको सहाला यायची होती. उद्या ती जाणार होती, मुलीला घेऊन, आणि तिला थांबवायला माझ्याजवळ एक शब्दही नव्हता. दोन महिन्यांनी ही प्रत आमच्या खोलीत येईल आणि बहुधा माझ्याच टेबलावर येईल. पोलीस शेवटच्या ओळीवर आला. ‘इजा?’ त्याने विचारलं. बाबा उत्तर शोधायला लागले, स्वतःच्या हातांकडे, मनगटांकडे बघायला लागले, आणि त्यांना काही सापडण्याआधीच मी म्हणालो, ‘नाही.’